रग्बी लीगमधला फाऊल : पेनल्टी, सिन बिन की थेट बाहेर?

महाराष्ट्रात रग्बी म्हटलं की डोळ्यासमोर येते ती बॉम्बे जिमखान्यावर खेळली जाणारी रग्बी युनियन. लीग हा वेगळा खेळ आहे. १८९५ साली उत्तर इंग्लंडमधल्या हडर्सफील्ड इथल्या बैठकीतून तो फुटून निघाला आणि आज त्याचा खरा जोर ऑस्ट्रेलियाचा पूर्व किनारा, न्यूझीलंड, पापुआ न्यू गिनी आणि उत्तर इंग्लंड इथे आहे. प्रत्येक संघात १३ खेळाडू असतात, हल्ला करणाऱ्या संघाला सहा टॅकल मिळतात, म्हणजे त्याचा बॉलवाला सहा वेळा धरून पाडला जाईपर्यंत बॉल त्याच्याकडे राहतो, आणि प्रत्येक टॅकलनंतर बॉल पायाने मागे सरकवून खेळ पुढे चालू होतो. त्यामुळे सामनाभर टॅकलवर टॅकल होत राहतात. बॉलवाल्याला बहुतेक वेळा दोघं-तिघं मिळून पाडतात आणि जवळजवळ सगळे गंभीर फाऊल या झटापटीतच घडतात. सिडनी किंवा मेलबर्नमध्ये मुलांच्या शनिवारच्या सामन्यांना शिट्टी हाती घेणाऱ्यांनी, तसंच युनियनमधून लीगकडे वळणाऱ्या पंचांनी आधी हे लक्षात घ्यावं. इथे पंचाची नजर बॉलपेक्षा टॅकल करणाऱ्याच्या खांद्यावर, हातांवर आणि पायांवर जास्त वेळ असायला हवी.

पंचाच्या हाती शिक्षेच्या चार पायऱ्या असतात. नुसती पेनल्टी (ज्या संघावर फाऊल झाला त्याला बॉल मिळतो), पेनल्टी देऊन खेळाडूला रिपोर्टवर टाकणं, म्हणजे तो खेळत राहतो पण प्रकरण सामन्यानंतर शिस्त समितीकडे जातं, सिन बिन, म्हणजे दहा मिनिटं बाहेर बसणं, आणि उरलेल्या सामन्यापुरतं मैदानाबाहेर. या पायऱ्या पाठ करायला पाच मिनिटं पुरतात. समोर घडलेला प्रकार यांपैकी कुठल्या पायरीचा, हे मात्र काही सेकंदांत ठरवावं लागतं, तेही सव्वीस दमलेल्या आणि तापलेल्या माणसांच्या मध्ये उभं राहून.

घड्याळ बघून शिक्षा ठरवू नका

सर्वांत आधी ही सवय सोडा. या खेळात जुना समज असा की सुरुवातीची दहा-पंधरा मिनिटं फॉरवर्डना, म्हणजे संघातल्या दणकट पुढच्या खेळाडूंना, एकमेकांना ‘मऊ करू’ द्यायची, तेवढा वेळ पंचाने कानाडोळा करायचा. त्या कानाडोळ्याची किंमत पुढची पासष्ट मिनिटं मोजावी लागते. तिसऱ्या मिनिटाला हात गळ्यावर गेला आणि शिट्टी वाजली नाही, तर दोन्ही संघांना कळतं की आज एवढं चालतं. मग साठाव्या मिनिटाला तशाच टॅकलवर कुणाला बाहेर काढलंत तर तो अन्यायच वाटतो, आणि त्या खेळाडूचंही काही चुकत नाही.

सामना कितीही मोठा असला तरी नियम तोच. २०१४ च्या सुपर लीगच्या (इंग्लंडमधल्या अव्वल स्पर्धेच्या) अंतिम सामन्यात, ओल्ड ट्रॅफर्डवर, विगनच्या बेन फ्लॉवरने तिसऱ्याच मिनिटाला सेंट हेलन्सच्या लान्स होहायाला ठोसा मारला आणि तो खाली पडल्यावर दुसरा मारला. त्याला तिथेच बाहेर काढलं गेलं, विगन उरलेला जवळजवळ पूर्ण सामना बारा जणांवर खेळलं आणि १४–६ ने हरलं. फ्लॉवरवर सहा महिन्यांची बंदी आली. २०२४ च्या स्टेट ऑफ ओरिजिनच्या (ऑस्ट्रेलियातल्या दोन राज्यांमधल्या मालिकेच्या) पहिल्या सामन्यात सिडनीत न्यू साउथ वेल्सच्या जोसेफ सुआलीईचा खांदा क्वीन्सलँडच्या रीस वॉल्शच्या डोक्यावर आदळला. पहिली दहा मिनिटंही झाली नव्हती. पंच ॲशली क्लाइन यांनी त्याला थेट बाहेर काढलं आणि क्वीन्सलँडने सामना ३८–१० ने जिंकला. सामन्याची रंगत गेली अशी तक्रार तेव्हा पुष्कळांनी केली. पण रंगत घालवली ती त्या टॅकलने. पंचाने फक्त नियम वाचला.

डोक्याला लागलं : चार प्रश्न, याच क्रमाने

नियमांत डोक्यावरच्या किंवा मानेवरच्या टॅकलसाठी तीन शब्द येतात: मुद्दाम, बेपर्वाईने आणि निष्काळजीपणाने. तिन्ही गुन्हेच आहेत. ‘त्याचा हेतू नव्हता’ एवढ्याने पेनल्टी टळत नाही. शिक्षा किती, हे मात्र या तिघांतल्या फरकावर ठरतं आणि तो फरक ओळखण्यासाठी मनात क्रमाने चार प्रश्न विचारा.

पहिला, डोक्याला किंवा मानेला खरंच काही लागलं का? हात छातीवर बसला आणि झटक्याने डोकं मागे गेलं, तर लांबून ते गळ्यावर लागल्यासारखं दिसतं. मागून पाहणारा पंच इथे हमखास फसतो. टच जज (कडेच्या रेषेवरचा सहायक पंच) समोरच्या बाजूला असेल तर आधी त्याला विचारा.

दुसरा, बचाव करणाऱ्याला ते टाळता येत होतं का? तो कमरेत वाकून आला की ताठ उभा राहून? आपल्या पायांवर होता की उडी मारून आला? ताठ उभा राहून पूर्ण वेगात येणाऱ्याने धोका स्वतःहून पत्करलेला असतो. बॉलवाला ऐन वेळी थोडा खाली झाला, हे कारण त्याच्या फारसं कामाला येत नाही.

तिसरा, जोर किती आणि थेट किती? हात आधी बॉलवर किंवा खांद्यावर लागून मग वर घसरला, तर बहुधा पेनल्टी पुरते. हात मागून फिरवत आणला आणि थेट जबड्यावर बसला, किंवा आवळलेला खांदा थेट चेहऱ्यावर गेला, तर विचार सिन बिनपासून सुरू होतो. त्यात वेग जास्त असेल आणि टॅकल करणाऱ्याने हातांनी धरायचा प्रयत्नच केला नसेल, तर थेट बाहेर.

चौथा, शिक्षा सौम्य करणारं काही होतं का? बॉलवाला अचानक घसरला किंवा गुडघ्यांवर आला, दुसऱ्या टॅकलरने त्याला आधीच खाली ओढलं होतं, किंवा कुणाच्या धक्क्याने बचाव करणारा आत ढकलला गेला. यांपैकी काही स्पष्ट दिसलं तर शिक्षा एक पायरी खाली आणा, दोन नाही. मुद्दाम केलेल्या कृतीला यातलं काहीच लागू होत नाही.

जखम किती झाली हा प्रश्न या यादीत नाही, आणि तो मुद्दामच ठेवलेला नाही. भयंकर टॅकल खाऊन एखादा टुणकन उठतो. साध्या धडकेत, दोन डोकी एकमेकांवर आपटून, दुसरा बेशुद्ध पडतो. स्ट्रेचर पाहून शिक्षा वाढवणारा पंच आणि खेळाडू उठला म्हणून शिक्षा घटवणारा पंच, दोघंही कृतीऐवजी नशीब मोजतात. उलट्या बाजूनेही जपा. पेनल्टी मिळावी म्हणून मान धरून पडून राहणारे खेळाडू प्रत्येक संघात सापडतात. जे दिसलं तेवढ्यावरच निर्णय द्या.

२०२१ च्या मे महिन्यात ऑस्ट्रेलियातल्या अव्वल स्पर्धेने, एनआरएलने, हंगामाच्या मधोमध डोक्यावरच्या टॅकलबाबत अचानक कडक धोरण लावलं. ब्रिस्बेनमध्ये एका आठवड्याच्या शेवटी झालेल्या आठ सामन्यांत ३ खेळाडू बाहेर काढले गेले आणि १४ सिन बिनमध्ये गेले. धोरण योग्य होतं, पण खेळाडूंना जुळवून घ्यायला वेळच मिळाला नव्हता. आपल्या पातळीवर यातून घ्यायचं ते इतकंच की तुम्ही कडक असाल, तर नाणेफेकीच्या वेळीच दोन्ही कर्णधारांना तसं सांगा: ‘हात छातीच्या वर नको, आज पहिल्या मिनिटापासून.’

उचलून आपटणं

बॉलवाल्याला उचलणं हा स्वतः गुन्हा नाही. त्याचं शरीर आडव्या रेषेच्या पलीकडे गेलं, म्हणजे पाय कमरेच्या वर आणि डोकं खाली, की ती धोकादायक फेक ठरते. दोन गोष्टी पाहा. मांड्यांच्या मधे हात कुणी घातला, आणि खाली आणताना कुणी सावरलं की कुणी ढकललं? पायांखालून उचलणारा एक आणि वरून वळवणारा दुसरा, असं अनेकदा असतं. अशा वेळी दोघांचे नंबर घ्या. आडव्यापलीकडे गेलेला खेळाडू पाठीवर अलगद ठेवला गेला तर पेनल्टी आणि बहुधा रिपोर्ट. सोडून दिला आणि तो मानेवर किंवा खांद्याच्या वरच्या भागावर पडला तर किमान सिन बिन. डोक्यावर पाडण्यासाठीच खाली दाबला असेल तर बाहेर.

इथे दया दाखवायला जागा नाही. २०१४ च्या मार्चमध्ये मेलबर्नमधल्या सामन्यात न्यूकॅसलचा ॲलेक्स मॅकिनन तिघांच्या टॅकलमध्ये उचलला गेला, मानेवर पडला आणि त्याच्या कण्याला कायमची इजा झाली. तेव्हा तो २२ वर्षांचा होता.

टॅकलच्या आत लपलेले प्रकार

हे दिसायला सगळ्यांत कठीण असतात, म्हणून जरा सविस्तर.

क्रशर म्हणजे मागून धरणारा आपला भार बॉलवाल्याच्या मानेवर टाकतो आणि त्याची हनुवटी छातीवर दाबली जाते. बॉलवाला अर्धवट बसलेला किंवा वाकलेला असताना हा प्रकार होतो. टॅकलरची छाती त्याच्या डोक्याच्या मागे टेकलेली दिसली की लगेच ‘मान सोड’ असं ओरडा. ओरडूनही दाब राहिला तर पेनल्टी आणि रिपोर्ट, झटका मारून दाबला तर सिन बिन.

हिप-ड्रॉपमध्ये टॅकलर बाजूने किंवा मागून कमरेला धरतो, स्वतःचे पाय जमिनीवरून सोडतो आणि बॉलवाल्याच्या पोटरीवर किंवा घोट्यावर बसतो. घोटा आणि गुडघा त्या वजनाखाली पिळवटतात. कमरेला धरून लोंबकळणारा प्रत्येकजण दोषी नसतो. वजन कुठे पडलं ते पाहा. पायाच्या बाजूला जमिनीवर पडलं तर खेळ चालू, पायावर पडलं तर शिट्टी.

दोघांनी बॉलवाल्याला उभं धरलं असताना तिसरा येऊन गुडघ्यांवर आदळतो, तोही घातक प्रकार. धरलेल्या माणसाला पाय हलवून वाचता येत नाही. तिसऱ्याने मांडीच्या वर, हात घालून धरलं तर चालतं. गुडघ्यावर खांदा घातला तर नाही.

खांद्याची थेट धडक, म्हणजे शोल्डर चार्ज, एनआरएलमध्ये २०१३ पासून बंद आहे. ओळखायची खूण सोपी आहे. धडक देणारा हात अंगाशी चिकटलेला असतो, धरण्याचा प्रयत्न नसतो आणि जोर मोठा असतो. ती छातीवर बसली तरी गुन्हाच. डोक्यावर बसली तर वरचे चार प्रश्न विचारा, आणि उत्तर बहुधा ‘बाहेर’ असंच येईल.

लाथ, मुद्दाम पाय घालून पाडणं, पडलेल्यावर गुडघे टेकवत उतरणं, चावणं, डोळ्यांत बोटं घालणं यांवर फार विचार करायचा नसतो. शेवटच्या दोहोंना मैदानाबाहेरखेरीज दुसरी शिक्षा असू नये.

मारामारी

घोळक्यात शिरू नका. दोन-तीन पावलं मागे राहा, शिट्टी पुन्हा पुन्हा जोरात वाजवा, घड्याळ थांबवायला सांगा आणि नंबर टिपा. दोन्ही टच जज दोन बाजूंनी आत यावेत, म्हणजे तिघांच्या नजरेत सगळा घोळका येतो. तीन गोष्टी पकडायच्या आहेत: पहिला हात कुणी उचलला, मूठ वळून ठोसा कुणी मारला आणि लांबून धावत येऊन कोण सामील झालं. धावत येणाऱ्याकडे दुर्लक्ष होतं, पण दोघांच्या धक्काबुक्कीची बाराजणांची मारामारी तोच करतो. त्याला सिन बिन द्याच.

जर्सी धरून ढकलाढकली झाली तर दोन्ही कर्णधारांना बोलावून समज आणि पेनल्टी. मूठ वळून मारलेल्या ठोशाला मात्र किमान सिन बिन. २०१३ च्या ओरिजिनमध्ये पॉल गॅलनने नेट माइल्सला ठोसे मारले आणि तरी मैदानावर राहिला. त्यावरून इतका गदारोळ झाला की ठोसा म्हणजे सिन बिन, हे धोरण एनआरएलने लगेच लागू केलं. ठोशांची मालिका असेल, किंवा समोरचा खाली पडलेला अथवा धरून ठेवलेला असेल, तर थेट बाहेर.

पेनल्टी मिळालेल्या संघाने सूड म्हणून हात उचलला तर पेनल्टी उलटते. हे कर्णधारांना आधी माहीत असलं की सूड घेणाऱ्याला त्याचेच सहकारी मागे ओढतात.

पेनल्टी कुठे द्यायची

साधारणपणे गुन्हा घडला तिथे. ती जागा म्हणजे खूण. प्रतिपक्षाने खुणेपासून १० मीटर मागे जायचं. ज्याच्याविरुद्ध पेनल्टी दिली त्या संघाने पुन्हा गैरवर्तन केलं, म्हणजे वाद घातला किंवा बॉल दूर फेकला, तर खूण आणखी १० मीटर पुढे सरकते, पण एकदाच. त्यानंतरही तोंड बंद झालं नाही तर सरकवत बसू नका, बोलणाऱ्याला बाहेर बसवा. बचाव करणाऱ्या संघाने स्वतःच्या इन-गोलमध्ये (गोललाइनपलीकडच्या पट्ट्यात) फाऊल केला तर खूण गोललाइनपासून १० मीटरवर, त्या जागेच्या समोर येते. बॉल किक केल्यानंतर किक मारणाऱ्याला उशिरा धडक दिली तर पेनल्टी फाऊलच्या जागी की बॉल पडला तिथे, हे ज्याला धडक बसली त्याच्या संघाच्या फायद्याने ठरतं. नवीन पंच इथे सवयीने मागे जातात आणि त्या संघाचे तीस-चाळीस मीटर वाया जातात.

टॅकलनंतर उगाच रेंगाळण्यासारख्या छोट्या चुकांसाठी बड्या स्पर्धांत पेनल्टीऐवजी नव्याने सहा टॅकल देतात. धोकादायक खेळाला ही सवलत कधीही नाही. तिथे पूर्ण पेनल्टीच द्यायची, कारण त्या संघाला गोल मारून २ गुण घ्यायचे की बॉल मैदानाच्या कडेबाहेर मारून पुढे सरकायचं, हा पर्याय मिळायलाच हवा.

फाऊल झाला नसता तर ट्राय (बॉल गोललाइनपलीकडे जमिनीवर टेकवणं) नक्की झाला असता, असं तुमचं मत असेल तर पेनल्टी ट्राय. तो नेहमी गोलखांबांच्या मधोमध धरला जातो, फाऊल कुठेही झालेला असो. ट्राय टेकवत असतानाच खेळाडूवर फाऊल झाला, गुडघे घालून उतरणं हा नेहमीचा प्रकार, तर ट्रायचे ४, कन्व्हर्जनचे (ट्रायनंतर मिळणाऱ्या किकचे) २ आणि त्यानंतर खांबांसमोरून आणखी एक पेनल्टी किक, म्हणजे एकूण ८ गुण शक्य होतात. दोन्ही किका झाल्यावर खेळ मध्यरेषेवरून सुरू होतो. फाऊल करणाऱ्याला हिशेबाच्या गडबडीत विसरू नका. त्याची शिक्षा वेगळी आहे.

फाऊल झालेल्या संघाला फायदा देऊन, म्हणजे शिट्टी न वाजवता, खेळ चालू ठेवला तरी दोषी सुटत नाही. बॉल थांबला की परत या आणि त्याला शिक्षा द्या. मात्र डोक्याला मार लागलेला खेळाडू खेळाच्या वाटेतच पडला असेल तर फायदा बाजूला ठेवा आणि ताबडतोब थांबवा.

शिक्षा सुनावणं

आधी शिट्टी, मग पेनल्टीची खूण, मग घड्याळ बंद, मग जखमीकडे फिजिओ. घाईने बोट दाखवू नका. टच जजशी बोला आणि त्याच्याकडून तीनच गोष्टी घ्या: रंग, नंबर, काय पाहिलं. मग दोषी खेळाडू आणि त्याचा कर्णधार, दोघांनाच बाजूला बोलवा. बाकी सगळे लांब. बोलणं दोन वाक्यांत संपवा: ‘नऊ नंबर, ताठ उभा राहून आलास, हात थेट जबड्यावर बसला. दहा मिनिटं बाहेर.’ चर्चा नाही, व्याख्यान नाही, खांद्यावर हात ठेवणं नाही.

सिन बिनसाठी दोन्ही हात वर करून दहा बोटं दाखवायची. बाहेर काढायचं असेल तर ड्रेसिंग रूमच्या दिशेने हात. रिपोर्टसाठी डोक्यावर दोन्ही हातांची फुली. काही स्पर्धांत सोबत पिवळं किंवा लाल कार्डही असतं. कबड्डीतल्या पिवळ्या कार्डाची दोन मिनिटं डोक्यात बसलेल्यांनी लक्षात ठेवावं, इथे दहा मिनिटं आहेत, तीही खेळाची. मध्यंतर त्यात धरत नाहीत. उरलेली मिनिटं दुसऱ्या अर्धात पुढे चालतात, आणि तोवर संघ बाराजणांवरच खेळतो, बदली खेळाडू नाही. परत येताना त्या खेळाडूने तुमची परवानगी घेऊनच यायचं. त्याच खेळाडूला दुसऱ्यांदा सिन बिन झाल्यास काय, हे स्पर्धेच्या आयोजकांना सामन्याआधी विचारून ठेवा.

रिपोर्ट ही पळवाट नाही. जिथे कॅमेरे आहेत तिथे समितीला पाहायला चित्रण असतं. शनिवारच्या मैदानावर चित्रण नसतं, तिथे तुम्हीच एकमेव साक्षीदार असता. सिन बिनचा प्रकार पाहूनही रिपोर्टवर टाकलात, तर ज्याच्यावर फाऊल झाला त्या संघाला त्या सामन्यात काहीच मिळालं नाही आणि फायदा झाला तो पुढच्या आठवड्यातल्या भलत्याच संघाचा.

सामन्यानंतरची नोंद

खिशात छोटं कार्ड आणि पेन्सिल ठेवा. पावसात पेन चालत नाही. प्रकार घडताच मिनिट, रंग, नंबर आणि दोन शब्द लिहा: ‘५२, निळा ११, उजवा हात, जबडा.’ पूर्ण अहवाल त्याच संध्याकाळी लिहा. गुणफलक, मैदानावरची जागा, तुमचं त्या क्षणाचं अंतर आणि कोन, टॅकलर कसा आला, शरीराचा कुठला भाग कुठे लागला, बॉलवाला खाली झाला होता का, जखमी खेळाडू परत आला का, हे सगळं त्यात असावं.

‘त्याने द्वेषाने हल्ला केला’ असं लिहू नका. द्वेष तुम्हाला दिसलेला नाही. ‘मी आठ मीटरवर, उजवीकडून पाहत होतो. ११ नंबर ताठ उभा होता, त्याचा उजवा हात मागून फिरत आला आणि मनगटाचा भाग ६ नंबरच्या जबड्यावर लागला. ६ नंबरची उंची बदलली नव्हती’ असं लिहा. शिवीगाळ झाली असेल तर उच्चारलेले शब्द जसेच्या तसे लिहा, त्यांच्या जागी टिंबं देऊ नका. समितीला शिक्षा ठरवायला तेच शब्द लागतात. अहवाल जाईपर्यंत प्रशिक्षकांशी त्या प्रकाराबद्दल बोलणं टाळा आणि मैदानावरचं कार्ड सुनावणी संपेपर्यंत जपून ठेवा.